शेवटची वीण

भटकी मांजर घरात घेण्याचा निर्णय फारसा कुणी ठरवून घेत नाही. पार्किंगमध्ये ओरडणाऱ्या मांजरीपुढे कुणीतरी बशीभर दूध ठेवतं, ती जिना चढून दाराशी येऊ लागते, पावसाची जोरदार सर आली की आत शिरते आणि आठ-पंधरा दिवसांत तिला नावही मिळतं. मग कधीतरी ध्यानात येतं, की तिचं पोट नुसतं खाण्याने वाढलेलं नाही. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींपासून ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरपर्यंत हे घडत असतं, आणि ज्या घरात घडतं त्या घराला आपण अचानक अडकलो असं वाटतं. खरं तर यात अचानक काही नसतं. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यातल्या मोकाट मांजरींचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक मांजरी वर्षाला सरासरी १.४ वेळा विते असं दिसलं. गर्भारपणाचे नऊ आठवडे आणि पिलांना पाजण्याचे साधारण आठ आठवडे धरले, तर अशी मांजरी वर्षातला जवळजवळ निम्मा काळ गाभण तरी असते किंवा लेकुरवाळी तरी. म्हणून रस्त्यावरची मोठी मांजरी घरात घेणाऱ्याने ती गाभण असेल हे आधीच धरून चालावं. या लेखाचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. अशा मांजरीला आसरा देणं हे अर्धंच काम झालं. ही तिची शेवटची वीण ठरेल अशी व्यवस्था करणं हे उरलेलं अर्धं. ते साधारण चार महिन्यांत पुरं होतं, आणि न केल्यास पहिल्या अर्ध्याचाही फारसा उपयोग राहत नाही.

मांजरींची वीण इतकी सतत का चालते, हे समजून घेतलं की बाकीचा मुद्दा सोपा होतो. मांजरीचं माजावर येणं दिवसाच्या उजेडाशी बांधलेलं असतं. दिवस मोठा असला की शरीर विणीला तयार होतं, लहान झाला की थांबतं. इंग्लंडसारख्या देशात हिवाळ्याचा दिवस आठ तासांपर्यंत आखडतो, त्यामुळे तिथे मांजरींना काही महिने आपोआप विश्रांती मिळते. ठाण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो आणि त्यावर जिन्यातले, पार्किंगमधले दिवे रात्रभर चालू. साहजिकच आपल्याकडे पिलं जवळपास बारा महिने दिसतात. त्यात मांजरीचं बीज समागमानंतरच सुटतं, म्हणजे बोक्याशी संग झाला की गर्भ राहण्याची शक्यता मोठी. एकाच विणीतल्या पिलांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एक पिलू काळं, एक पट्टेरी, एक भुरं दिसतं त्यामागे कधी कधी हेही कारण असतं. पिलू चार-पाच महिन्यांचं झालं की ते स्वतः माजावर येऊ शकतं. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की पिलं अंगावर पीत असतानाही आई पुन्हा गाभण राहू शकते.

पोट मोठं दिसतं म्हणून मांजरी गाभण आहेच, असंही नाही. जंतांमुळे पोट फुगतं, आणि मांजरांच्या एका विषाणूजन्य आजारात पोटात पाणी साठतं. गर्भ राहिल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात स्तनाग्रं गुलाबी होऊन वर येतात. पोट मात्र पाचव्या आठवड्याच्या आसपास नजरेत भरतं. सोनोग्राफीत गर्भ तीन-साडेतीन आठवड्यांनंतर दिसतात, आणि पंचेचाळीस दिवसांनंतरच्या एक्स-रेमध्ये पिलं मोजता येतात. ही मोजणी हौसेसाठी नसते. चार पिलं असताना तीनच बाहेर आली, तर चौथं आत अडकलंय हे त्या आकड्यावरूनच कळतं. म्हणून संशय आला की पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याकडे न्यावं, आणि तपासणीआधीच सांगावं की ती गाभण असू शकते. काही लसी गाभण मांजरीला देत नाहीत, आणि गजकर्णावरचं ग्रिसिओफुल्विनसारखं औषध गर्भाला व्यंग आणू शकतं. शेजारपाजारी चौकशीही करावी. चाळीत आणि जुन्या इमारतींत एकच मांजर तीन घरी तीन नावांनी जेवत असते. कुणाचीच नाही असं वाटणारी मांजरी कुणाची तरी असू शकते.

या टप्प्यावर घरात चर्चा सुरू होते, आणि तिच्यात हमखास निघणारा एक तोडगा म्हणजे मांजरीला मच्छी मार्केटात सोडून येणं. तिथे खायला भरपूर, असा हिशेब असतो. पण बाजारातल्या प्रत्येक कोपऱ्यावर आधीच्या मांजरांचा ताबा असतो, कुत्रे असतात, आणि विण्याच्या बेतात असलेल्या मांजरीला सर्वांत जास्त गरज असते ती ओळखीच्या, आडोशाच्या जागेची. नेमकी तीच आपण काढून घेतो. पिलं झाल्यावर ती खोक्यात घालून देवळाशी ठेवणं तर त्याहून वाईट. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, त्याला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, आणि आई नसेल तर दर दोन-तीन तासांनी दूध पाजावं लागतं. खोक्यातली पिलं कुणीतरी उचलतील ही आशा बहुतेक वेळा खोटी ठरते. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला भूक-तहान भोगावी लागेल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ हा आकडा तसाच राहिला, ही आपल्या विधिमंडळांनी आणि संसदेने लाज वाटून घ्यावी अशी गोष्ट आहे. प्राण्याला ठार मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा युक्तिवाद अधिक विचारी माणसं करतात. निसर्ग आपलं बघून घेईल, आपण मध्ये पडू नये, असं ते म्हणतात. निसर्ग कसं बघून घेतो हे वर सांगितलेल्या उत्तर कॅरोलिनातल्या अभ्यासातच आहे. मोकाट मांजरींच्या पिलांपैकी ७५ टक्के पिलं सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. आपल्या रस्त्यांवरचा आकडा वेगळा असू शकेल, पण गाड्या, कुत्रे, पावसाळ्यात तुंबणारी गटारं आणि पिलांचे साथीचे आजार बघता तो फार दिलासा देणारा असेल असं मानायला काही आधार नाही. एक मांजरी सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरांची पूर्वज होते, असा एक आकडा जगभर फिरतो. तो चूक आहे, कारण त्यात कुठलंच पिलू मरत नाही असं गृहीत धरलंय. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी मृत्यू धरून हिशेब केला तेव्हा सात वर्षांत शंभर ते चारशे एवढंच उत्तर आलं. भीती दाखवायला मोठा आकडा बरा पडतो, पण खरी हळहळ लहान आकड्यातच आहे. दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे मेलेली पिलं.

यातूनच सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. गर्भ लवकरचा असेल तर गर्भासकट गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी का? पशुवैद्य ती करतात. गाभणपणात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने जोखीम थोडी अधिक असते, आणि दिवस भरत आले असतील तर बरेच डॉक्टर नकार देतात. अनेक घरांना हा विचारच सहन होत नाही. दारी आलेल्या गर्भारशीच्या पोटावर सुरी चालवायची कल्पना आपल्या संस्कारांत बसत नाही. या भावनेचा मला आदर आहे. तरीही पहिल्या तीन-चार आठवड्यांत निदान झालं असेल, घरात जागा नसेल आणि पिलांसाठी घरं मिळण्याची शक्यता कमी असेल, तर ही शस्त्रक्रिया अधिक दयाळूपणाची ठरते असं माझं मत आहे. जी पिलं वाढवायला आणि घरं शोधायला कुणी नाही त्यांना जन्माला येऊ देऊन गटाराच्या कडेला मरू देणं, यात जीवाचा मान कुठे राहतो? उलट पोट खाली आलंय, पिलांची हालचाल हाताला लागतेय अशी वेळ असेल, तर तिला सुखाने विऊ द्यावं आणि सगळा जोर त्यानंतरच्या महिन्यांवर लावावा.

विऊ द्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न खाण्याचा येतो, आणि इथे मराठी घरांची एक जुनी सवय आड येते. मांजरीला आपण दूध-पोळी किंवा दूध-भात घालतो. मोठ्या मांजरींपैकी बऱ्याच जणींना गाईचं दूध नीट पचत नाही, हे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांजर हा मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य तिला मांसातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू दुबळे होतात (हे १९८७ मध्ये सिद्ध झालं) आणि गाभण मांजरीचे गर्भ पोटातच जिरतात किंवा पिलं अशक्त निपजतात. ज्या घरात मांस-मासळी शिजत नाही त्यांची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. पिलांसाठी म्हणून मिळणारं तयार कोरडं खाद्य गाभण आणि पाजत्या मांजरीलाही चालतं, आणि ते ठेवायला स्वयंपाकघर लागत नाही. मांसाहारी घरांनी बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेली शिजवलेली मासळी द्यावी. कांदा-लसूण मांजरीच्या रक्तपेशी नष्ट करतो, म्हणून आपल्या ताटातलं कालवण देऊ नये, खारवलेलं सुकटही नको. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणं म्हणजे तिला विष देणं. अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची पर्मेथ्रिनची औषधं आणि लादी पुसायचं फिनेल हेही तिच्या यकृताला झेपत नाही. फिनेल पुसलेल्या ओल्या लादीवरून ती चालते आणि मग पंजे चाटते, एवढंच पुरतं.

जागा फार लागत नाही. पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळकप्प्यात एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात जुन्या सुती साड्यांचे तुकडे, जवळ पाणी, आणि थोड्या अंतरावर माती किंवा वाळूचा ट्रे. दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट भरतात, आणि एका वेळी तीन ते पाच पिलं होतात. बहुतेक मांजरी माणसाच्या मदतीशिवाय वितात, आणि सगळ्यांनी भोवती गोळा होऊन बघत बसलं तर त्यांची वीण थांबूही शकते. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलू बाहेर आलं नाही, तर मात्र वाट बघू नये. नंतरच्या आठवड्यांत आई अस्वस्थ होऊन थरथरू लागली, अंग ताठ झालं, तर रक्तातलं कॅल्शियम घसरल्याची ती खूण असते. तेव्हा तासाभराचाही उशीर जिवावर बेतू शकतो. पिलांना पहिल्या दिवसाचा चीक मिळालाच पाहिजे, कारण रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून शोषली जाण्याचा अवधी तेवढाच असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिलांचं रोज वजन करावं. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढ होत असली की सगळं ठीक चाललंय. मांजरी पिलांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात. त्यामागे तिची भीती असते. जागेला वास आला, वावर वाढला, बोका आसपास फिरकला, की ती पिलं तोंडात धरून दुसरीकडे नेते. खोका शांत आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला तर सात घरांची वेळ येत नाही.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा काळ पिलाचं पुढचं आयुष्य ठरवतो. या काळात माणसाचा हात, आवाज, मिक्सरचा खडखडाट, लहान मुलांचा वावर यांची सवय झाली तर पिलू माणसाळतं. ती संधी गेली की तेच पिलू जन्मभर माणसाला बिचकून राहू शकतं. रस्त्यावर वाढलेल्या आणि घरात वाढलेल्या पिलात फरक पडतो तो इथे, आणि आसरा देणाऱ्या घराचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. चौथ्या आठवड्यापासून मऊ खाणं सुरू होतं. पिलं आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नयेत. फिनलंडमध्ये ५,७०० हून अधिक मांजरांची माहिती घेऊन झालेल्या २०१७ च्या अभ्यासात लवकर तोडलेली पिलं पुढे अधिक आक्रमक निघाली. बाराव्या आठवड्यापर्यंत ठेवता आली तर उत्तमच. घर शोधताना ओळखीपाळखीवर भिस्त ठेवावी, आणि देताना विचारावं की खिडक्यांना जाळी आहे का. ठाण्यातल्या वीस-पंचवीस मजली इमारतींत हा प्रश्न जिवाचा आहे. मांजर उंचावरून पडूनही वाचते ही समजूत न्यूयॉर्कमध्ये १९८७ मध्ये झालेल्या एका अभ्यासातून पसरली, पण त्यात मोजल्या गेल्या होत्या त्या दवाखान्यात पोचलेल्या मांजरी. जागीच मेलेल्या कशा मोजल्या जाणार? आपल्याकडे बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात तीच जाळी मांजरांसाठीही पुरते.

पिलं दुडुदुडू धावू लागली की घर त्यांच्यात रमतं, आणि नेमका इथेच सगळ्यांत मोठा घोळ होतो. आईची नसबंदीची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. पिलं तोडल्यावर दूध आटायला दोनेक आठवडे लागतात. त्यानंतरची तारीख आधीच ठरलेली असावी. तोवर ती एकदा जरी बाहेर गेली तरी पुन्हा नऊ आठवड्यांचं चक्र सुरू होतं. मादी पिलांची शस्त्रक्रिया चार-पाच महिन्यांत, त्यांच्या पहिल्या माजाआधी व्हावी. भावंडं आहेत म्हणून ती एकमेकांशी संग करणार नाहीत, असं मांजरांत नसतं. एकदा तरी विऊ द्यावं, ते तब्येतीला बरं असतं, हे आपल्याकडे फार ऐकू येतं. वस्तुस्थिती उलटी आहे. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि एका वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी.

घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर मांजर काढून टाका, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. कारण सांगितलं जातं टॉक्सोप्लाझ्माचं. हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून पसरतो आणि गर्भाला इजा करू शकतो, हे खरंच आहे. पण मांजर तो विष्ठेतून टाकते ते सहसा आयुष्यात एकदा, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे, आणि विष्ठेतली त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ झाला, आणि गरोदर बाईने तो साफ केला नाही, तर त्या वाटेचा धोका फार थोडा उरतो. अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी आणि मातीत घातलेले उघडे हात यांची वाट जास्त वापरातली आहे. रेबीजबाबत मात्र हयगय चालणार नाही. मांजरीमुळेही रेबीज होतो. अनोळखी मांजरी चावली किंवा तिने ओरबाडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं. शेजाऱ्यांच्या वासाच्या आणि आवाजाच्या तक्रारी खऱ्या असतात. त्यांवरचा उपायही शस्त्रक्रियाच आहे, कारण माजावरच्या मांजरीचं ओरडणं आणि बोक्याचं लघवी फवारणं त्यानेच थांबतं. पण सोसायटीने पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पक्षीप्रेमींचा आहे. ठाण्याच्या एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली खाडी. मांजर ही कसबी शिकारी आहे. अमेरिकेत ती वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारते असा २०१३ चा अंदाज आहे. मांजरींचे लाड करून आपण चिमण्या-बुलबुलांचा बळी देतो, हे म्हणणं मला नाकारता येत नाही. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष मांजरींना हाकलण्याचा नाही. हाकललेली मांजरी पक्षी मारतच राहते आणि पिलंही घालते. शस्त्रक्रिया होऊन घरात राहिलेली मांजरी या दोन्ही गोष्टी करत नाही. पक्षीप्रेमी आणि मांजरप्रेमी यांचं खरं हित एकाच जागी आहे.

एकट्या घराने केलं तर शहराला काय फरक पडतो, हा प्रश्न उरतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. तेव्हापासून इमारती वाढल्या, चाळी पडून पुनर्विकास झाला, आणि चाळींबरोबर त्यांतल्या मांजरींचेही आडोसे गेले. २०१९ च्या पशुगणनेत देशभरचे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे मोजले गेले. मांजरी मोजल्याच गेल्या नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा मुख्य रोखही कुत्र्यांवर आहे. मुंबई महापालिकेने २०१९ पासून भटक्या मांजरींची नसबंदी हाती घेतली, म्हणजे हे काम महापालिकेला करता येतं. ठाण्यात एसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेचं रुग्णालय आहे, डोंबिवलीत पॉज ही संस्था आहे, परळचं बैलघोडा रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पण संस्थांचे पिंजरे नेहमी भरलेले असतात, आणि दारी आलेली प्रत्येक गाभण मांजरी त्यांच्या गळ्यात घालणं हा तोडगा होऊ शकत नाही. ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी आपापल्या नगरसेवकाकडे प्रभागनिहाय मांजरनसबंदी शिबिरांची आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतुदीची लेखी मागणी करावी. सोसायट्यांनी वर्षातून एकदा आपल्या आवारातल्या मांजरींचा खर्च वर्गणीतून उचलावा. आणि ज्यांच्या दारात आज पोटुशी मांजरी बसलेली आहे, त्यांनी तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेतील त्याच दिवशी विणीनंतरच्या शस्त्रक्रियेची तारीखही डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.